आधी इस्त्री बंद कर

कुकरचं मागेच आटोपलं होतं. पहिल्या आठवड्यात दोन खोल्या पलीकडून, दुसऱ्या आठवड्यात उघड्या दारातून, आणि तिसऱ्या आठवड्यात आत्याचा धाकटा भाचा स्वतः शेगडीपाशी उभा राहून शिट्ट्या मोजत होता. अंगातला सदरा पिळून काढावा इतका घामानं निथळत होता, पण जागचा हलला नव्हता. तीन वर्षं या घरात सगळं पातेल्यात शिजलं होतं. आत्यानं त्या दिवशी कुकर घासूनपुसून पुन्हा फळीवर मांडला तेव्हा तिला वाटलं होतं, सुटलो एकदाचे. पण त्याची भीती घालवायला डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या कागदावर कुकर ही नुसती दुसरी पायरी होती. एकूण पायऱ्या अकरा, आणि अकरावी इस्त्रीखान्यातल्या हिरव्या दारामागं.

आणि त्या दारामागचा बॉयलर थोरल्या भावानं विकून टाकला होता. उद्या सकाळी दहाला ट्रक येणार होता.

म्हणून आज, सुट्टीचा वार असूनही, सगळं घर धुलाईखान्यात जमलं होतं. या घरातले सगळे निर्णय इस्त्रीखान्यातल्या घडीच्या टेबलाशी, उभ्यानं होत. तिथं खुर्ची ठेवायचीच नाही, हा आबांच्या वेळेपासूनचा नियम. माणूस बसला की भांडण लांबतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय हात रिकामे ठेवायचे नाहीत. इस्पितळाच्या चादरींचा ढीग मध्ये असायचा, आणि बोलता बोलता दोघादोघांनी टोकं धरून घड्या घालायच्या. आत्यानं या टेबलाशी पन्नास वर्षं काढली होती. कोण कोणाच्या बाजूनं आहे हे तिला बोलण्यावरून कळून घ्यावं लागत नसे. चादरीचं दुसरं टोक कोण धरतंय, एवढं पाहिलं की पुरे.

आज थोरल्याच्या चादरीचं दुसरं टोक थोरलीच्या हातात होतं. धाकटी एकटीच उशांचे अभ्रे दुमडत होती.

"विजेची यंत्रं येतायत," थोरला म्हणाला. "वाफ नाही, नळ नाहीत, भोंगा नाही. कटकटच मिटली. मी हे कोणासाठी केलं, ते तरी लक्षात घ्या."

"ते कोण नाकारतंय, दादा?" धाकटी म्हणाली. "मी आजचा दिवस मागतेय फक्त."

"कशाला पण? बॉयलरच राहिला नाही तर तो भिणार कशाला? मुळावरच घाव घातला मी."

"आधी तुम्ही भोंगा बंद केलात. मग घरातला कुकर गेला. मग दारं वाजू नयेत म्हणून त्यांना आतून लोकरीचे नमदे लागले. मग फुगे. आता बॉयलर. पुढं काय काढायचं, सांगा ना. चिमणीला मोठ्यानं हसू नको म्हणायचं?"

धाकट्याची चिमणी टेबलाच्या टोकाला चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती. आठ वर्षांची पोर, पण आपलं नाव निघालं की बावळट चेहरा करून ऐकायचं, ही कला तिला पक्की साधली होती.

"बाई गं, आम्ही त्याला जपलंच ना?" थोरली म्हणाली.

"जपलंत, जाऊबाई. बरणीत घातलंत आणि वरून झाकण लावलंत."

आत्यानं एक चादर उचलली, पण टोक कोणाकडे दिलं नाही. तिला आबांचे बूट आठवत होते.

तिचे वडील, ज्यांनी हा धुलाईखाना काढला, ते आयुष्यभर पायात बूट घालून झोपत. जिन्यालगतच्या खाटेवर, दाराकडे तोंड करून. तरुणपणी गावात पाणी शिरलं तेव्हा दोन दिवस ते एका छपरावर होते आणि तिथून खाली उतरले ते एकटेच, एवढंच काय ते घराला माहीत होतं. छपरावर आणखी कोण होतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. आई म्हणायची, "त्यांचा स्वभावच आहे तसा." पाऊस लागला की ते पोरांवर ओरडत, तोही स्वभाव. नदीकडच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत, तोही स्वभावच. या घरात आजाराला स्वभाव म्हणायची रीत होती, आणि स्वभावाला औषध नसतं, त्यामुळे सगळ्यांची सोय होती. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याच्या दुखण्याचं नाव सांगितलं, आघातानंतरचा ताण-विकार. ते धाकटीनं घरी येऊन उच्चारलं त्या दिवशी आत्या मोरीत जाऊन रडली होती. धाकट्यासाठी नव्हे. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या म्हाताऱ्यासाठी. त्यालाही औषध होतं की काय, असं वाटून.

बाहेरचं दार वाजलं नाही, कारण नमदा होता. धाकटा आत येऊन उभा राहिला तेव्हाच कळलं.

तीन वर्षांत माणसांदेखत तो या खोलीत आला नव्हता. रस्त्यापलीकडच्या गाळ्यात बसून कपडे घ्यायचे आणि पावत्या द्यायच्या, एवढंच त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं. कागदावरची दहावी पायरी, इस्त्रीखान्यात येऊन अर्धा तास थांबणं, त्यानं गेल्याच आठवड्यात केली होती, पण ती खोली रिकामी असताना. पूर्वी हिरव्या दारामागं तो बॉयलरचा राजा होता. सगळे त्याला बंब्या म्हणत. तीन वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर ते नाव कोणी तोंडात घेतलं नव्हतं. ठरवून नव्हे, पण घेतलं नव्हतं.

"किती?" धाकटीनं विचारलं.

"साठ," तो म्हणाला.

थोरलीनं आत्याकडे पाहिलं. "भीतीचे गुण," आत्या हळूच म्हणाली. "शंभरपैकी. जास्त मिळाले की वाईट."

"म्हणजे आमच्या ह्यांच्या गणितासारखं उलटं," थोरली पुटपुटली.

धाकटा छताकडे पाहत होता. वाफेचा नळ नवा होता, पांढऱ्या रंगाचा. त्याच्याखाली इस्त्रीची ओळीनं टेबलं, आणि त्यातलं पहिलं मास्तरांचं. मास्तर म्हणजे आत्याचा नवरा. इस्त्रीत त्यांचा हात धरणारा दुसरा माणूस नव्हता आणि कटकटीतही नव्हता.

"दारातून आत जाण्याआधी मला एक काम आहे," धाकटा म्हणाला. "जे झालं ते मी डॉक्टरांपुढं चौदा वेळा सांगितलं. त्यांनी ते ध्वनिमुद्रित करून दिलं, ते रोज घरी ऐकलं. पण ज्यांना सांगायला हवं त्यांना एकदाही सांगितलं नाही. आत्या, तुला ऐकवल्याशिवाय मी बॉयलरच्या त्या व्हॉल्व्हला हात लावू शकणार नाही."

"राहू दे रे," थोरला पटकन म्हणाला. "तिला कशाला पुन्हा..."

धाकटीनं कागद वर धरला. त्यावर घरच्यांसाठी एकच नियम होता, लाल शाईनं लिहिलेला. *'राहू दे' म्हणायचं नाही.*

"सकाळपासून चौथ्यांदा," थोरली नवऱ्याला म्हणाली.

आत्याच्या हातातली चादर तशीच होती. तीन वर्षं ती या क्षणाला घाबरत होती, आणि तीन वर्षं वाटही पाहत होती. "सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. काही गाळू नकोस."

धाकट्यानं डोळे मिटले. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, आत्ता घडतंय असं तो सांगू लागला.

"सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. मी बॉयलरच्या खोलीत आहे. निचऱ्याचा कॉक उघडतो. नळातलं गार पाणी निघून जातं, मग कोरडी वाफ येते. कॉक बंद करतो. मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू फिरवतो, पाव वेढा, थांब, पाव वेढा. सगळं रोजच्यासारखं आहे. आणि आवाज होतो. माझ्या बाजूला नाही, भिंतीपलीकडे. मी व्हॉल्व्ह बंद करतो आणि पळतो. इस्त्रीखाना सगळा पांढरा आहे, काही दिसत नाही. ओल्या कापडाचा वास. नळाचा सांधा सुटलाय. मास्तर टेबलाशी खाली पडलेत. मी त्यांच्यापाशी बसतो. ते माझ्याकडे बघतात."

तो थांबला.

"नव्वद," तो डोळे मिटूनच म्हणाला, आणि पुढं बोलू लागला. "मास्तर म्हणतात, 'इस्त्री. आधी इस्त्री बंद कर, चादर जळेल.' मी वर बघतो. त्यांची हातइस्त्री चादरीवर पालथी आहे, धूर येतोय. बटण खोलीच्या त्या टोकाला आहे. मी उठतो. त्यांना सोडून जातो. बटण बंद करतो. परत येतो. आणि त्यांचे डोळे मिटलेले आहेत." त्यानं डोळे उघडले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आत्याकडे सरळ पाहिलं. "मी इस्त्रीसाठी त्यांना सोडून गेलो, आत्या. त्यांना उचलून बाहेर न्यायला हवं होतं. मी बटण बंद करायला गेलो."

आत्या काहीतरी बोलायला गेली आणि तिच्या तोंडून भलताच आवाज निघाला. थोरली धावली. तिला वाटलं बाईला रडू कोसळलं. पण आत्या हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती.

"असं म्हणाला?" ती म्हणाली. "शेवटचं हे म्हणाला तो?"

"आत्या..."

"अरे, मला बाळंतवेणा सुरू झाल्या होत्या ना, दाराशी गाडी येऊन उभी, तरी हा माणूस आत. 'थांब, आधी इस्त्री बंद करतो.' माझी आई गेली, तिला न्यायला माणसं जमली, तर तिथंही मला कानात विचारतो, 'इस्त्री बंद केलीस ना?' चाळीस वर्षं ऐकलंय रे मी हे. तू गेला नसतास ना, तर तो उठून स्वतः गेला असता. भाजलेल्या अंगानं गेला असता. आणि वर तुला शिव्या घातल्या असत्या."

कोणीतरी हुंदक्यासारखं हसलं. थोरलीच होती.

"पण मी तिथंच थांबलो असतो तर..." धाकटा म्हणाला.

"तर काही झालं नसतं," आत्या म्हणाली. हसू ओसरलं होतं. "इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला त्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं. वाफ छातीत गेली होती. ते म्हणाले, 'बाई, अपघात आमच्या दारात झाला असता तरी आम्हाला काही करता आलं नसतं.' याच शब्दांत."

धाकट्यानं टेबलाची कड धरली. "हे तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि मला कोणी बोलू दिलं नाही. त्याच्यापुढं विषय काढू नका, त्याच्यापुढं मास्तरांचं नाव नको. मीही म्हटलं, पोर सावरतंय, कशाला खपली काढा. तू मला पाहिलंस की रस्ता ओलांडून जायचास. मला वाटायचं, माझं तोंड पाहिलं की तुला तो दिवस आठवतो."

"आठवायचाच. पण मला वाटायचं, तू मला विचारशील."

"मूर्खांचा बाजार आहे सगळा," आत्या म्हणाली. "तुझ्याकडं त्याचं शेवटचं वाक्य होतं, माझ्याकडं तुझी सुटका होती. आणि दोघं आपापलं गाठोडं उराशी धरून बसलो, एकमेकांना त्रास नको म्हणून."

तिनं हातातली चादर झटकली आणि तिचं दुसरं टोक धाकट्यापुढं केलं. त्यानं ते धरलं. घडीच्या कडा बरोबर जुळल्या. हाताला विसर पडत नाही. चार घड्या झाल्या तेव्हा तो म्हणाला, "पंचेचाळीस." आणि आपल्या बायकोकडे पाहून, जरा चकितच होऊन, पुन्हा म्हणाला, "पंचेचाळीस गं."

थोरलीनं आपल्या हातातलं टोक सोडलं. थोरल्याच्या हातात चादर लोंबत राहिली आणि ती टेबलाला वळसा घालून धाकटीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आत्यानं ते पाहिलं. तिघी झाल्या, तिनं मनात मोजलं.

"चला," धाकटा म्हणाला. "दाराकडे."

बॉयलरवाला आत होता. अपघातानंतर ठेवलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं सकाळीच आग पेटवून ठेवली होती. दाबाच्या गेजचा काटा बघून तो बाजूला सरकला. "सांधे सगळे तपासलेत," एवढंच म्हणाला आणि कोपऱ्यात गेला. आत ऊब होती, तेलाचा वास होता, आणि कुठंतरी पाणी उकळत असल्याची खोल घरघर. धाकटा उंबऱ्यावर थांबला. त्याची मान ताठ झाली. आत्याला त्याच्या सदऱ्यावर घामाची रेघ पसरताना दिसली.

"पंच्याऐंशी," तो म्हणाला.

कोणी त्याचा हात धरला नाही. कोणी राहू दे म्हटलं नाही. धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं आणि तिथंच उभी राहिली. न हलता उभं राहणं हे एवढं कष्टाचं काम असेल, हे आत्याला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. किती वेळ गेला कोण जाणे. बॉयलर घरघरत होता आणि धाकटा त्याचा आवाज ऐकत होता, नुसता ऐकत होता.

"सत्तर," तो म्हणाला. बऱ्याच वेळानं, "पंचावन्न." आणि आत पाऊल टाकलं.

त्याच्यामागून सगळे आत गेले. थोरला सोडून.

आत्यानं वळून पाहिलं. थोरला हिरव्या दाराच्या चौकटीबाहेर उभा होता. एक हात चौकटीवर, चेहरा चुन्यासारखा. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि आतापर्यंत कसं आलं नाही याचं तिला नवल वाटलं. तीन वर्षं हा कारखाना चालवतोय, पण या दारातून आत जाताना त्याला कोणी पाहिलेलं नाही. कागदपत्रं बाहेर मागवायचा. बॉयलरवाल्याशी फोनवर बोलायचा. नमदे त्यानंच ठोकले होते. भोंगा त्यानंच बंद केला होता. धाकट्यासाठी, असं म्हणून.

धाकट्यानंही पाहिलं. तो व्हॉल्व्हपाशी पोचला होता, तिथून परत दारापर्यंत आला आणि आतल्या बाजूनं उभा राहिला. दोघा भावांमध्ये फक्त उंबरा.

"दादा, किती?"

"काय किती? मला काय झालंय? मी इथूनच..."

"गुण सांग. किती?"

थोरल्यानं ओठ आवळले. त्या दिवशी मास्तरांना उचलून गाडीत घालणारा तोच होता, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दलही कोणी एक शब्द विचारला नव्हता. धाकट्याला दुखणं झालं, मग थोरल्याला कसं होणार? एका घरात एकच दुखणं असावं, अशी जणू वाटणी झाली होती.

"नव्वद," थोरला म्हणाला. आवाज पोरासारखा झाला होता. "पंच्याण्णव."

"मग आत येऊ नकोस आज. ही तुझी अकरावी पायरी असेल, पहिली नाही. तिथंच उभा राहा. पळू मात्र नकोस. कमी होतात, दादा. मी सांगतो ना. थांबलं की कमी होतात."

थोरली नवऱ्याकडे निघाली होती, ती मध्येच थांबली. मग दारापाशी जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली, त्याचा हात न धरता.

धाकटा माघारी फिरला. निचऱ्याचा कॉक उघडला. आधी पाणी आलं, थुंकत, तांबूस. मग पाणी आणि वाफ. मग नुसती वाफ, सरळ आणि कोरडी. त्यानं कॉक बंद केला, हात पुसले आणि मुख्य व्हॉल्व्हचं चाक धरलं. पाव वेढा, थांब. पाव वेढा. भिंतीपलीकडे नळ कुरकुरला आणि धाकट्याचे खांदे एकदम वर गेले. दारात थोरल्यानं डोळे मिटून घेतले. चाक थांबलं.

मग खांदे खाली आले. पाव वेढा. आणखी पाव. इस्त्रीखान्यात चादरी दाबायच्या मोठ्या रुळाला वाफ पोचली आणि तो नेहमीसारखा सुस्कारा टाकून गरम होऊ लागला. तो आवाज आत्यानं पन्नास वर्षं ऐकला होता, पण आज पहिल्यांदाच ऐकावा तसा ऐकला.

"पूर्ण उघडा आहे," धाकटा म्हणाला. चेहऱ्यावरून पाणी गळत होतं. घाम की काय, कोण सांगणार. "तीस."

"बाबा, ती साखळी कसली?" चिमणीनं विचारलं.

भिंतीवर उंच, भोंग्याची साखळी खुंटीला गुंडाळून ठेवलेली होती. या घरातलं प्रत्येक पोर पाच वर्षांचं झालं की त्याच्या बापानं त्याला उचलून ती ओढू दिलेली होती. आत्याला आबांनी उचललं होतं, बूट घातलेल्या आबांनी. चिमणीला पाच वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी घरात फुगा फुटला होता. धाकटा तिला वाचवायला तिच्या अंगावर कोसळला आणि तिचं मनगट मोडलं. त्यानंतर त्यानं लेकीला कधी उचललं नव्हतं.

त्यानं साखळी सोडवली. आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं. मग खाली वाकला. "ये," तो म्हणाला. "मोठा आवाज होईल हं. मी दचकेन. दचकलो तरी तुला सोडणार नाही."

"मीपण दचकेन," चिमणी म्हणाली. "मीपण सोडणार नाही."

बारा वाजायला आले होते. पूर्वी बाराचा भोंगा व्हायचा तेव्हा अख्खी गल्ली घड्याळं लावून घेत असे. पोरीनं दोन्ही हातांनी साखळी धरली आणि सगळं वजन टाकून ओढली.

आवाज असा निघाला की गेजची काच थरथरली. धाकटा दचकला, जागच्या जागी उडालाच, पण पोर त्याच्या हातांत घट्ट होती. ती ओढतच राहिली. बाहेर कुठंतरी खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग दुसरी. रस्त्यापलीकडून पूर्वी इथं घड्या घालायला असलेल्या म्हातारीनं ओरडून विचारलं, "अगं बाई, चालू झाला का रे, बंब्या?"

आणि आत्याचा भाचा, बॉयलरपाशी, लेकीला कडेवर घेऊन, घसा फोडून ओरडला, "झाला, मावशी."

दारात थोरला अजून उभा होता. पळाला नव्हता. "ऐंशी," तो बायकोला म्हणाला, आणि नंतर खिशातून फोन काढून ट्रकवाल्याचा नंबर शोधू लागला. "उद्या नको म्हणून सांगतो त्याला. माझ्या अकरा पायऱ्या व्हायच्यात अजून."

आत्या एकटी इस्त्रीखान्यात आली. मास्तरांच्या टेबलापाशी गेली. त्यांची हातइस्त्री तीन वर्षं तिथंच, फडक्याखाली होती. तिनं त्या टोकाला जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं, परत येऊन इस्त्री तापू दिली, आणि ढिगातली एक चादर घेऊन मास्तर घालत तशी, काठाकडून मध्याकडे, एकदाच इस्त्री फिरवली. एकही चुणी राहिली नाही. पलीकडे पोरीनं पुन्हा साखळी ओढली होती आणि सगळे तिला हाका मारत होते, आत्या ये, आत्या ऐकलंस का, आत्या लवकर.

"आले, आले," ती म्हणाली. "थांबा जरा."

आणि खोलीच्या त्या टोकाला चालत जाऊन तिनं आधी इस्त्री बंद केली.